दुसरी केबल स्वस्थ का बसते?



आपल्या शाळेच्या मुख्य इमारतीतून मागच्या संगणक कक्षाकडे दोन केबल जातात. कक्षात भिंतीवर एक पेटी आहे, तिच्यात सगळ्या संगणकांच्या तारा येऊन मिळतात. तिला स्विच म्हणतात. या स्विचवर एका केबलचा दिवा हिरवा लुकलुकत असतो, दुसरीचा मात्र नारिंगी होऊन नुसता पेटून राहतो. "ही केबल बिघडली आहे का?" असे नववीच्या मुलांनी विचारले. पालकसभेत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला : दोन केबल टाकल्या, तरी सराव परीक्षेच्या वेळी संगणक अडखळतात कसे? आणि विश्वस्त मंडळापुढे सूचना आहे की इंटरनेटची अधिक वेगाची जोडणी घ्यावी.

या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून या अंकात त्यावर सविस्तर लिहीत आहोत. विषय तांत्रिक आहे, पण अवघड नाही. शिवाय त्याची झळ मुलांना लागते. उत्तर येत असूनही पडद्यावर चाक फिरत राहिले आणि वेळ संपली, तर त्या मुलाचा गुण जातो. आणि खर्च व्हायचा तो पैसा देणगीदारांचा व पालकांचा आहे.

थोडक्यात सांगायचे तर, दुसरी केबल बिघडलेली नाही. तिला मुद्दाम थांबवून ठेवले आहे. रस्ते वाढवले म्हणून वाहतूक आपोआप वाटली जात नाही. ती नियम लावून वाटावी लागते. ती कशी, ते आता पाहू.

स्विच काय करतो?

एका इमारतीतले किंवा आवारातले संगणक जोडणाऱ्या जाळ्याला लोकल एरिया नेटवर्क, म्हणजेच लॅन म्हणतात. आपल्याकडे वापरात असलेल्या ईथरनेट पद्धतीची सुरुवात १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाली. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी बांधलेल्या त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. सगळे संगणक एकाच तारेला लटकलेले असत. एक बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचे, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. बोलणारे वाढले की थांबणेही वाढे.

१९९० साली कॅलिफोर्नियातील एका कंपनीने सात पोर्टचा, म्हणजे सात तोंडांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव होते 'कल्पना', आणि तिच्या संस्थापकांपैकी एक होते भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज. पुढे १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. स्विचची युक्ती साधी आहे. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टच्या बाजूला आहे हे स्विच येणारी पाकिटे पाहून शिकतो आणि आपल्या यादीत लिहून ठेवतो. मग एखादे पाकीट आले की ते फक्त योग्य पोर्टमधूनच बाहेर जाते. बाकीच्या पोर्टवर त्याच वेळी दुसऱ्यांचे बोलणे चालू राहू शकते.

मात्र पत्ता यादीत नसेल, किंवा पाकीट 'सर्वांसाठी' असेल, तर स्विच ते ज्या पोर्टमधून आले तो सोडून बाकी सगळ्या पोर्टमधून पाठवतो. पुढचा सारा घोळ इथूनच सुरू होतो.

दोन वाटा धोक्याच्या का?

समजा, 'सर्वांसाठी' असलेले एक पाकीट मुख्य इमारतीच्या स्विचने दोन्ही केबलवरून मागच्या कक्षाकडे पाठवले. मागच्या स्विचला पहिल्या केबलवरून आलेली प्रत दुसऱ्या केबलवरून परत पाठवावीशी वाटेल, आणि दुसरीवरून आलेली पहिलीवरून. पुढचा स्विच तेच करील. पाकीट गोल गोल फिरत राहील आणि प्रत्येक फेरीत सगळ्या संगणकांकडे त्याच्या प्रती जातील. इंटरनेटच्या पाकिटावर 'आता इतकेच टप्पे उरले' असा आकडा असतो. तो शून्य झाला की पाकीट टाकून देतात. ईथरनेटच्या पाकिटावर असा आकडाच नाही. ते थकत नाही. गिगाबिट केबलवरून सर्वांत लहान आकाराची पाकिटे सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. म्हणजे एका फिरत्या पाकिटाने काही क्षणांत सगळे जाळे ठप्प होऊ शकते. याला वाहतुकीचे वादळ म्हणतात.

यावरचा उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी शोधला. त्या तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करीत होत्या. त्यांनी बसवलेल्या नियमाला 'स्पॅनिंग ट्री' म्हणतात, आणि तो त्यांनी एका छोट्या कवितेतही मांडला होता. सगळे स्विच आपसात निरोप पाठवून एकाला 'मूळ' ठरवतात. मग प्रत्येक स्विच मुळाकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट चालू ठेवतो आणि उरलेल्या वाटा थांबवतो. जाळ्याचे झाड होते. झाडाच्या फांद्यांवरून कुठूनही कुठेही जाता येते, पण गोल फिरता येत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्री राजवाड्याकडच्या काही गल्ल्या बंद ठेवतात, त्या खराब झाल्या म्हणून नव्हे. लोक गोल गोल फिरून एकमेकांत अडकू नयेत म्हणून. आपला नारिंगी दिवा हेच सांगतो. चालू वाट तुटली की थांबवलेली वाट उघडते. जुन्या नियमात त्याला ३० ते ५० सेकंद लागत; २००१ साली आलेल्या सुधारित नियमात बहुधा दोन-तीन सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, काम होते.

हा नियम १९९० मध्ये आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.१डी या क्रमांकाने प्रमाण केला. त्याने जाळी सुरक्षित झाली. पण त्याची किंमत अशी की पैसे देऊन टाकलेली केबल एरवी स्वस्थ बसते आणि सगळा भार एकीवर पडतो.

पहिली सुधारणा : मूळ कोण, ते आपण ठरवावे

'मूळ' कसे निवडले जाते? प्रत्येक स्विचला एक प्राधान्य क्रमांक असतो. कारखान्यातून येताना तो सर्वांचा सारखाच, म्हणजे ३२७६८ असतो. बरोबरी झाली की ज्याचा ४८ बिटांचा पत्ता लहान, तो मूळ होतो. लहान पत्ता बरेचदा जुन्या यंत्राचा असतो. म्हणून कोणी लक्ष दिले नाही, तर कोपऱ्यातला सर्वांत जुना आणि हळू स्विच जाळ्याचा मुखिया होऊन बसतो, आणि वाहतूक वळसा घालून त्याच्यामार्फत जाऊ लागते. मधल्या चांगल्या स्विचला ४०९६ असा लहान क्रमांक दिला की वाटा सरळ होतात. याला नवे सामान लागत नाही, माहितगार माणसाचे थोडे काम लागते.

दुसरी सुधारणा : दोन झाडे

एकाच केबलवरून दोन वेगळी जाळी असल्याप्रमाणे वाहतूक चालवता येते. तिला आभासी लॅन म्हणतात. तिचे प्रमाण ८०२.१क्यू हे १९९८ चे. कार्यालयाचे एक आभासी जाळे, संगणक कक्षाचे दुसरे. २००२ मध्ये आलेल्या ८०२.१एस या नियमाने प्रत्येक गटासाठी वेगळे झाड बांधता येऊ लागले. कार्यालयाचे झाड पहिल्या केबलवरून, कक्षाचे दुसऱ्या केबलवरून. एक तुटली तर दोघे मिळून उरलेलीवर जातात. अशा रीतीने दोन्ही केबल कामाला लागतात.

यात एक मर्यादा आहे. कार्यालयात चार संगणक आणि कक्षात चाळीस असतील, तर वाटणी नावालाच होते. म्हणून ही पद्धत तीन-चार स्विच एकमेकांना त्रिकोणात किंवा चौकोनात जोडलेले असतील तिथे अधिक उपयोगी पडते. आपल्यासारख्या, त्याच दोन स्विचमध्ये समांतर दोन केबल असलेल्या ठिकाणी पुढचा उपाय बरा.

तिसरी सुधारणा : दोन केबलची एक जोडी

दोन्ही टोकांच्या स्विचना सांगायचे की या दोन केबल वेगळ्या नाहीत, ही एकच रुंद केबल आहे. मग स्पॅनिंग ट्रीला एकच वाट दिसते आणि ती काहीच थांबवत नाही. याला लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. त्याचे प्रमाण ८०२.३एडी हे २००० सालचे. दोन्ही केबल सारख्या वेगाच्या हव्यात आणि मांडणी दोन्ही टोकांना करावी लागते.

आता पाकीट कोणत्या केबलवर टाकायचे, हे कसे ठरवावे? "एक इकडे, एक तिकडे" असे वाटेल. पण त्यात अडचण आहे. पंगतीत एकाच पानावर दोन वाढपी लागोपाठ वाढू लागले आणि त्यांचा मेळ नसला, तर भाताआधी वरण आणि वरणाआधी ताक येते. एकाच फाइलची पाकिटे दोन केबलवरून गेली तर ती उलटसुलट क्रमाने पोचतात. घेणाऱ्या संगणकाला वाटते की मधले पाकीट हरवले, आणि तो ते पुन्हा मागतो. वेग वाढण्याऐवजी कमी होतो. म्हणून नियम असा की एका जोडीचे एक संभाषण सबंध एकाच केबलवरून जायचे. या संभाषणाला प्रवाह म्हणू.

प्रवाहाची केबल पत्त्यांवरून गणित करून ठरते. सोपे रूप असे : पाठवणाऱ्या संगणकाचा आणि घेणाऱ्याचा क्रमांक यांची बेरीज सम आली तर पहिली केबल, विषम आली तर दुसरी. कक्षातले संगणक ११ ते ३० आणि परीक्षेचा सर्व्हर क्रमांक ५ असेल, तर दहा संगणक एकीवर आणि दहा दुसरीवर जातात. पण काही स्विच फक्त घेणाऱ्याचाच क्रमांक पाहतात. तसे झाले तर सर्व्हरकडे जाणारे सर्वच्या सर्व वीस प्रवाह एकाच केबलवर चढतात आणि जोडी करूनही पहिले पाढे पंचावन्न! म्हणून कोणते आकडे गणितात घ्यायचे, ते नीट निवडावे लागते. दोन्ही बाजूंचे पत्ते घ्यावेत, आणि स्विच करू देत असेल तर कोणत्या कार्यक्रमाचे संभाषण आहे त्याचा क्रमांकही घ्यावा.

दहावीच्या मुलांसाठी थोडी संभाव्यता. प्रवाह नशिबाने या किंवा त्या केबलवर पडतो असे धरू. चार प्रवाह असतील तर ते १६ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या २ प्रकारांत सगळे एकाच केबलवर येतात, म्हणजे आठांत एकदा. दहा प्रवाह असतील तर १०२४ प्रकारांतले २, म्हणजे ५१२ मध्ये एकदा. प्रवाह जितके अधिक, तितकी वाटणी समान. संगणक कक्षासाठी ही गोष्ट चांगली आहे, कारण तिथे पुष्कळ मुले एकदम काम करतात. पण एकट्या मोठ्या फाइलचा वेग जोडीने वाढत नाही. ती एकाच केबलवरून जाते. अभियंते अशा मोठ्या प्रवाहांना हत्ती आणि छोट्यांना उंदीर म्हणतात. गणपतीच्या घरात दोघे सुखाने नांदतात, केबलवर मात्र हत्ती आला की उंदरांना वाट मिळत नाही.

मोठ्या संगणक केंद्रांत हाच विचार पुढे नेला आहे. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोनसाठी मांडलेली रचना, म्हणजे लहान लहान स्विचांचे थर करून त्यांच्यात अनेक सारख्या वाटा ठेवण्याची, तिथे वापरतात. तिथे झाड करून वाटा बंद करीत नाहीत. सारख्या लांबीच्या सर्व वाटांवर प्रवाह पसरवतात. तत्त्व मात्र आपल्या दोन केबलचेच आहे.

बॉस्टनचा धडा

जाळे हळूहळू वाढत गेले आणि त्याचा नकाशा कोणाच्याच हाती राहिला नाही, तर काय होते? नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथील बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोसळले आणि सुमारे चार दिवस नीट चालले नाही. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या नोंदी, सगळे संगणकावर होते. डॉक्टर आणि परिचारिकांना कागदावर यावे लागले. निरोप आणि अहवाल हातोहात पोचवावे लागले. एका ठिकाणाहून वाहतूक अचानक वाढली हे निमित्त झाले. खरे कारण असे की तुकड्यातुकड्याने जोडत नेलेले जाळे स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेले होते. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सातपेक्षा अधिक स्विच नसावेत असे तो नियम धरून चालतो. रुग्णालयाच्या माहिती विभागाच्या प्रमुखांनी पुढे सगळी हकिगत जाहीरपणे सांगितली, म्हणून जगाला ती कळली आणि इतरांना उपयोगी पडली.

आपली शाळा लहान आहे. पण एक खोली वाढली की एक स्विच, असे आपल्याकडेही होतेच. त्यात एक विशेष सावधगिरी हवी. बाजारात मिळणारे अगदी स्वस्त स्विच बरेचदा स्पॅनिंग ट्री पाळत नाहीत. अशा स्विचची मोकळी तार कोणी "दोन जोडल्या तर वेग वाढेल" म्हणून दुसऱ्या भोकात खोचली, तर सबंध कक्ष बसू शकतो. मुलांनी मोकळी दिसणारी तार आपल्या मनाने जोडू नये, शिक्षकांना सांगावे.

मग आपण काय करावे?

विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे असे की इंटरनेटच्या नव्या जोडणीचा निर्णय शेवटी घ्यावा. त्याआधी चार गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट, नकाशा. कोणता स्विच कुठे आहे, कोणती तार कुठून कुठे जाते, हे एका कागदावर काढून कार्यालयात लावावे.

दुसरी, मोजणी. सराव परीक्षा चालू असताना शाळेच्याच सर्व्हरवरून १०० मेगाबाइटची एक फाइल कक्षातल्या संगणकावर उतरवून पाहावी. सेकंदाला १०० मेगाबिटच्या तारेला याला किमान ८ सेकंद लागतात, गिगाबिटच्या तारेला एक सेकंदही नाही. ही फाइल रखडली तर दोष आपल्या आवारातला आहे. बाहेरून कितीही वेगवान जोडणी घेतली तरी तो जाणार नाही. फाइल झटकन आली आणि बाहेरचे पानच रखडले, तर इंटरनेटची जोडणी अपुरी आहे असे समजावे. आठवड्यातून तीन दिवस, दिवसातून तीन वेळा मोजले की चित्र स्पष्ट होईल. गिगाबिट तारेत चार जोड्या असतात. त्यांतली एक तुटली की तार १०० वर उतरते किंवा बंद पडते, तेही याच मोजणीत सापडेल.

तिसरी, मांडणी. मूळ स्विच ठरवून द्यावा, दोन केबलची जोडी करावी आणि वाटणीचे गणित दोन्ही पत्त्यांवर ठेवावे. जोडी करण्यासाठी दोन्ही टोकांना मांडणी करता येणारे स्विच लागतात, एवढे तपासून घ्यावे.

चौथी, वेळापत्रक. वाहतूक जशी केबलमध्ये वाटता येते, तशी वेळेतही वाटता येते. समजा, चाळीस संगणकांवर एकदम चित्रफीत लावली आणि प्रत्येकाला सेकंदाला ४ मेगाबिट लागले, तर १६० मेगाबिट झाले. तीच चित्रफीत शिक्षकांनी आदल्या दिवशी उतरवून ठेवली आणि एका पडद्यावर दाखवली, तर बाहेरच्या जोडणीवर भारच नाही. संगणकांची अद्ययावतीकरणे रात्री किंवा रविवारी करावीत. सराव परीक्षेच्या तासाला कार्यालयाने मोठ्या फाइली पाठवू नयेत.

एवढे करूनही कमी पडले, तर नवी जोडणी अवश्य घ्यावी. तेव्हा ती किती वेगाची हवी, हेही आपल्याजवळच्या आकड्यांवरून सांगता येईल आणि देणगीदारांना हिशेब दाखवता येईल.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : कक्षात १२, १४, १६ असे फक्त सम क्रमांकाचे संगणक चालू आहेत आणि सर्व्हर ५ हाच आहे. वर सांगितलेल्या बेरजेच्या नियमाने कोणत्या केबलवर किती भार येईल? मग क्रमांक ८ चा दुसरा सर्व्हर जोडला आणि प्रत्येक संगणक दोघांशीही बोलू लागला, तर काय बदलेल? उत्तर कारणासह लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. ज्यांना मोजणीच्या कामात हातभार लावायचा आहे, त्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीही आपली नावे तिथेच नोंदवावीत. पालकांपैकी कोणी या क्षेत्रात काम करीत असतील, तर त्यांनी एखादा शनिवार शाळेसाठी द्यावा, ही विनंती.